अंड्याच्या ट्रेमधला प्रिंटर

हसणार असाल तर आधी हातातला कप खाली ठेवा. हा गाढवपणा ऐकून आमच्या ऑफिसातल्या एकाच्या नाकातून चहा आला होता. गाढवपणा अर्थात माझा. दुसऱ्याचा असता, तर मी तो केव्हाच सगळ्या दौंडात वाटून मोकळा झालो असतो!

मी दौंडला एका सरकारी ऑफिसात हेडक्लार्क. स्वभाव संशयी. म्हणजे भाजीवालीनं न मागता कोथिंबीर जास्त दिली, की मी घरी येऊन मेथीची जुडी सोडून बघतो. बायको म्हणते, "लग्नात तुम्ही अंतरपाटावरून दोनदा वाकून बघितलं होतं." बघणारच! नवरी बदलली असती तर जबाबदार कोण?

तर झालं असं, की ऑफिसला दोन नवे प्रिंटर घ्यायचे होते. सरकारी पोर्टलवरून खरेदी झाली आणि ऑर्डर लागली यवतच्या एका दुकानाला. दुकान सुषमाचं. केडगावची मुलगी, तिशीतली. कारेगावच्या कंपनीतली चांगली नोकरी सोडून तिनं कॉम्प्युटरचं दुकान टाकलेलं, आणि ही तिची पहिलीच सरकारी ऑर्डर.

माल यायच्या आठ दिवस आधी ती टेम्पो घेऊन दारात हजर.

"मामा, तुमचे जुने दोन प्रिंटर आन् रिकामी कार्ट्रिज न्यायला आलीय."

"कुठं न्यायची?"

"रिसायकलिंगला. जुना माल परत न्यायची अटच हाय की."

"आन् न्यायचं किती घेणार?"

"काहीच न्हाई मामा. फुकट."

फुकट! हा शब्द ऐकला की माझा डावा डोळा लवतो. आमच्याकडं फुकट कोणी ओळखसुद्धा देत नाही, आणि ही बाई भंगार उचलून नेणार? पण कागदपत्रं चोख होती, आमच्या साहेबांची, म्हणजे मॅडमची, सहीसुद्धा होती. नेऊ दिलं. टेम्पो वळणाआड जाईपर्यंत मी दारात उभा होतो.

आठ दिवसांनी सुषमा नवे प्रिंटर घेऊन आली. खोकं उघडलं आणि बघतो तर काय, आत थर्माकोल नाही! अहो, थर्माकोल नाही! मिक्सर घ्या, टीव्ही घ्या, नवी वस्तू बाहेर काढताना थर्माकोल कर्रकन वाजायलाच पाहिजे ना? इथं आत राखाडी पुठ्ठ्याचे, अंड्यांचे असतात तसले ट्रे. खोक्यावर साधं रंगीत चित्रही नाही.

आमचे शिपाई नामदेव आप्पा हळद-कुंकू आणि नारळ घेऊन उभे होते. ऑफिसात नवं यंत्र आलं की आमच्याकडं आधी नारळ फुटतो, मग बटण दाबलं जातं.

"थांबा आप्पा," मी हात आडवा घातला. "नारळ ठिवा बाजूला. ह्यो माल नवा न्हाई."

सुषमा गोंधळली. "मामा, सील तुमच्या म्होरं तोडलंय की!"

"सील काय, बाजारात कशालाबी मिळतंय."

तरी प्रिंटर लावला. एक पान काढलं, सुरेख आलं. जरा गप्पा मारून बघतो तर दिवा मालवलेला. बटण दाबलं, जागा झाला. पाच मिनिटांत पुन्हा गपगार.

"दम लागतुय त्याला," आप्पा म्हणाले. "वय झालं आसंल."

"आवं आप्पा, काम नसलं की झोपतंय ते," सुषमा म्हणाली. "वीज वाचती."

"व्हय? आमी झोपलो की मेमो येतुया!"

मी चष्मा पुसला आणि प्रिंटर उलटा केला. बुडाशी बारीक इंग्रजीत लिहिलेलं, की या यंत्रात पुन्हा वापरलेलं प्लास्टिक आहे. पुन्हा वापरलेलं! म्हणजे आधी कोणीतरी वापरलेलं. कोणी?

माझा भाचा कारेगावला प्लास्टिकच्या कंपनीत आहे. बाहेर जाऊन त्याला फोन लावला.

"का रं, जुन्या प्लास्टिकचं नवं करता येतं व्हय?"

"रोजच करतो की मामा. दळायचं, वितळवायचं, साच्यात घालायचं. आयला, वळखू बी येत न्हाई!"

वळखू बी येत न्हाई! माझ्या अंगावर काटा आला. तुम्हीच सांगा, ऑफिसातून गेले किती प्रिंटर? दोन. आले किती? दोन! म्हणजे आमचेच जुने प्रिंटर रंगरंगोटी करून आमच्याच गळ्यात! मी आप्पांच्या कानात सांगितलं. आप्पांनी प्रिंटरला कान लावला, बराच वेळ लावला, आणि म्हणाले, "आवाज वळखीचा वाटतुय खरा."

पुरावा पुरे झाला. माल परत पाठवायची तक्रार मी तिथल्या तिथं टाइप करायला घेतली. सुषमाचा चेहरा उतरला.

"मामा, आसं नका करू. माल परत गेला की पोर्टलवर दुकानाच्या नावाम्होरं शेरा पडतो. परत कोण ऑर्डर देणार मला? नोकरी सोडून बसलीय मी."

आवाज कापत होता तिचा. वाईट वाटलं हो मला, खोटं कशाला सांगू! पण लगेच दुसरं मन म्हणालं, खरं असतं तर एवढी घाबरली असती का?

मी लिहिलं, 'सदर पुरवठादाराने या कार्यालयाचेच जुने प्रिंटर नवीन म्हणून या कार्यालयासच पुरविल्याचा दाट संशय आहे.' वाक्य इतकं झकास जमलं की मीच दोनदा वाचलं. मॅडमना आधी कच्चं दाखवायचं म्हणून ड्रॉवरमधला एक पाठकोरा कागद घेतला, म्हणजे एका बाजूला छापलेला, दुसरी बाजू कोरी. कच्च्या कामाला आम्ही तेच वापरतो. पत्र काढलं त्याच प्रिंटरवर. आरोपीच्याच हातून फिर्याद! गडबडीत चष्मा टेबलावर राहिला आणि मी जिना चढून वर. मागं सुषमा, तिच्यामागं आप्पा, आप्पांमागं चहाचे कप घेऊन अर्धं ऑफिस.

मॅडमनी पत्र शांतपणे वाचलं. मग कागद उलटा केला आणि मागची बाजू मोठ्यानं वाचू लागल्या.

"यंत्रात पुनर्वापर केलेले प्लास्टिक असावे. खोक्यात थर्माकोल नसावा. काम नसताना यंत्र आपोआप निद्रावस्थेत जावे. जुनी यंत्रे व रिकामी कार्ट्रिज पुरवठादाराने विनामूल्य परत न्यावीत."

मी टेबलावर हात आपटला. "बघा मॅडम! सगळा कट आधीच लिहून ठेवलाय! सही कुणाची आहे खाली?"

"तुमची," मॅडम म्हणाल्या.

खरेदीच्या अटींचा तो कच्चा मसुदा होता. वरून आलेला नमुना मीच जसाच्या तसा उतरवला होता आणि खाली लफ्फेदार सही ठोकली होती. वाचला होता का? छे! एकतीस वर्षांत सही करायला कागद वाचावा लागतो, असं मला कोणी सांगितलंच नव्हतं. नाकातून चहा आला तो इथं.

"पोरी, चुकलो मी," एवढंच तोंडातून निघालं. मनापासून निघालं.

सुषमानं डोळे पुसले. "आसू द्या मामा. पर आता दाखला तेवढा द्या."

"देतील ना," मॅडम तिला म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "माल पसंत असल्याचा दाखला द्या. आणि सहीआधी पूर्ण वाचायचा. इथंच, सगळ्यांसमोर."

दाखला समोर आला. मला एक अक्षर दिसेना! आप्पा चष्मा आणायला म्हणून खाली गेले, ते नारळ फोडून खोबरं वाटण्यातच रमले. मी उठायला लागलो तर मॅडम म्हणाल्या, "बसा." शेवटी सुषमानंच कागद हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मला वाचून दाखवला. मी प्रत्येक ओळीला मान डोलावली आणि सही केली.

जिना उतरताना अर्ध्यावर पाय थांबला. सकाळपासून जिच्या एका शब्दावर माझा विश्वास नव्हता, तिनं वाचलेल्या कागदावर मी डोळे मिटून सही केली होती. म्हणजे हाही कागद मी वाचलेला नाहीच!