बागेतली विषाची पाटी

माझा स्वभाव तापट. बागेत काम करणारा माणूस शांत असतो असं ज्याला वाटतं, त्यानं रविवारी संध्याकाळी भर शहरातली बाग एकदा सांभाळून बघावी. नगरपालिकेची महानगरपालिका झाली त्याच्या आगेमागे कोल्हापुरातली एक बाग माझ्या ताब्यात आली. हुद्दा सुपरवायझर. हाताखाली चार माळी, एक रखवालदार आणि एक गळका पाइप. बागेत हिरवळ कमी आणि पत्त्यांचे डाव जास्त. कुंपणावर धुणी वाळत पडलेली, तालमीतली पोरं कारंज्याच्या हौदात अंग धुणार, भेळेचे कागद गुलाबाच्या वाफ्यात. "सुधारणा करा," असा वरून हुकूम. केली बाबा. दीड वर्ष घसा फोडून केली. डाव उठवले, धुणी उचलली, हिरवळ लावली. पूर्वेच्या कुंपणालगत जास्वंदीची लांबलचक ओळ धरली आणि तिच्या पायाशी तुळशीचा वाफा केला. लोक पोराबाळांना घेऊन यायला लागले, मला नमस्कार करायला लागले. खरं सांगतो, छाती फुगली होती माझी.

फक्त पहाटे फुलं तोडणाऱ्यांपुढं मी हात टेकले. चांगली शिकलीसवरलेली माणसं, पण छत्रीच्या मुठीनं फांदी वाकवून पिशव्या भरायची. शिट्टी मारली तरी ढिम्म. एक म्हातारे तर मलाच म्हणाले, "पावणं, देवाला न्हेतोय. घरात भाजी करून खातोय व्हय?" आता बोला!

मग मला अक्कल सुचली. पेंटरकडून एक पाटी रंगवून घेतली. वर कवटी, खाली दोन हाडं, आणि लाल अक्षरात, 'सावधान! झाडांवर विषारी औषध मारले आहे.' औषध कसलं नि काय, साधं पाणीसुद्धा मारलं नव्हतं. पण आठ दिवस एक फूल हललं नाही. घरी जेवताना मी आईला आणि धाकट्या बहिणीला हे रंगवून सांगितलं. म्हातारे पाटी वाचून हात झटकत कसे मागं सरले, त्याची नक्कलही करून दाखवली. बहिणीला हसून हसून ठसका लागला. पुढं आमच्याच एका माळ्यानं त्या वाफ्यातली तुळस चहात टाकलेली लोकांनी बघितली आणि पाटीचा धाक संपला. लोक पाटीलाच पिशव्या अडकवून फुलं तोडायला लागले.

बहिणीचं लग्न त्याच वैशाखात झालं. वडील नव्हते, त्यामुळं सगळं मीच उरकलं. श्रावणात तिची पहिली मंगळागौर, ती माहेरी करायची, म्हणून ती आमच्याकडं आली होती. घरात नुसती धांदल. आणि नेमका त्याच आठवड्यात जास्वंदीला मावा पडला. पांढरी, चिकट कीड, बोटानं निघेना की पाण्यानं जाईना. चार दिवसांत निम्मी ओळ वाळत चालली. दीड वर्षाची मेहनत डोळ्यांदेखत जाताना बघून माझं डोकं फिरलं. एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून पिकावर मारायचं जहाल औषध आणलं आणि सोमवारी दुपारी मोठ्या माळ्याकडून सगळी ओळ भिजवून घेतली. खालचा तुळशीचा वाफाही भिजला. पाटी होतीच. रखवालदाराला सांगितलं, आठ दिवस पूर्वेकडं कुणाला सोडायचं नाही. मंगळवारी मंगळागौर, तिला ढीगभर पत्री लागते, पत्रीला पोरी बागेत जातात, हे सगळं मला ठाऊक होतं. डोक्यात आलं नाही, एवढंच.

मंगळवारी उजाडताच मी टेम्पो घेऊन रोपं आणायला गडमुडशिंगीला गेलो. परत आलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. मोठा माळी रोपं उतरवून घेताना म्हणाला, "सायेब, सकाळी ताई आलत्या की. चार-पाच पोरी हुत्या संगं. पत्री न्हेली, तुळस न्हेली."

"कुठली तुळस?"

"त्या वाफ्यातली. म्या म्हटलं, ताई, औषध मारलंय, हात लावू नका. तर हसल्या. म्हणल्या, दादाची पाटी मला सांगताय व्हय? सायबाची बहीन, मी तरी किती अडवू?"

मंगळागौरीची पूजा नवऱ्याच्या आयुष्यासाठी. पूजा झाली की या नव्या लग्नाच्या पोरी एका पंगतीला बसतात आणि मुक्यानं जेवतात, एक शब्द बोलायचा नाही. जेवण झाल्यावर तुळशीचं पान खायचं आणि मग तोंड उघडायचं. पान गिळल्याशिवाय मौन सुटत नाही. मी सायकलवर टांग टाकली. त्या दिवशी पेडल कसं मारलं, देवाला ठाऊक. एका टांग्याखाली जाता जाता वाचलो, टांगेवाल्यानं माझा उद्धार केला. मला डोळ्यांपुढं फक्त बहिणीचं तोंड दिसत होतं. वाटलं, मी पोचेपर्यंत ताट रिकामं झालं असेल, आणि पुढं विचारच करवेना.

दारात चपला होत्या. आत सात पोरी, नऊवारी नेसून, पाटावर. मधे माझी बहीण. ताटं निम्मी झालेली आणि प्रत्येक ताटाच्या कोपऱ्यात तुळशीचं पान ठेवलेलं. सात पानं मोजली मी. सातही जागच्या जागी. पण हातांनी भात कालवून पुरणपोळीचे तुकडे तोडत होत्या, पाण्याचे पेले होते, आणि पत्रीला लागलेले हात कुणी कितपत धुतले होते, कोण जाणे. उदबत्ती, धूप, केवडा, त्यात औषधाचा वास कुणाला येणार!

"उठा! ताटं सोडा! ते पान तोंडात घालू नका!" मी ओरडलो. ताटांतली पानं ओरबाडून घेतली. पोरी घाबरून एकमेकींना बिलगल्या, पण एकीच्या तोंडून हूं की चूं नाही.

आई धावत आली. "अरे, वेड लागलं का तुला? पहिलं वर्ष आहे पोरीचं!"

"खरं औषध आहे या वेळी, आई! विष आहे!" आणि बहिणीच्या दंडाला धरून विचारलं, "आणखी कुणाला दिलीस? बोल!"

ती बोलेना. डोळे विस्फारलेले, ओठ घट्ट मिटलेले. आईला काही माहीत नव्हतं, पत्री वाटली होती बहिणीनंच. तिनं हात जोडून मला थांब म्हणून खुणावलं, घरच्या तुळशीच्या कुंडीकडं बोट दाखवलं. तिथलं एक पान खाते, मग सांगते, असं असावं. पण तेवढा धीर मला कुठला? कुठल्या तरी घरात या क्षणाला कुणीतरी पान तोंडात टाकत असेल! मी भिंतीवर हात आपटला. "नवऱ्याचं आयुष्य गेलं खड्ड्यात! बोल म्हणतो ना! कुणी मेलं तर तुझ्या माथी बसेल!"

हे शब्द माझेच. भावानं बहिणीला, तिच्या पहिल्या मंगळागौरीला.

"मागच्या गल्लीत," ती म्हणाली. आवाज तिचा वाटेना. "शाळेतल्या मास्तरांच्या सुनेला. बाकी कुणाला नाही." आणि तोंडावर पदर घेऊन मटकन खाली बसली.

मी पळालो. आई मागून पोरींना साबणानं हात धुवायला लावत होती. मास्तरांच्या घरी पंगत उठली होती. सून माजघरात बसून मैत्रिणीशी हसत बोलत होती, म्हणजे पान पोटात गेलं होतं. मी मास्तरांना बाजूला घेऊन सांगेपर्यंत तिला घाम फुटला, तोंडाला लाळ सुटली, आणि तिला उलटी झाली. टांग्यातून सरकारी दवाखान्यात नेताना मास्तर पंचानं तिचं तोंड पुसत होते. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. डॉक्टरांनी विचारलं, "कुठलं औषध?" मी नाव सांगितलं. "कुणी मारलं?" "मीच." दिवेलागणीपर्यंत व्हरांड्यात उभा होतो. आतून कुणी नर्स बाहेर आली की पुढं होऊन विचारायचो. शेवटी डॉक्टर आले आणि म्हणाले, पान एकच होतं, लवकर आणलंत, वाचली. मी तिथंच फरशीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

घरी आलो. झिम्मा-फुगड्या, रात्रीचे खेळ, सगळं रद्द झालं होतं. पोरी आपापल्या घरी गेल्या होत्या, कुणाला काही झालं नव्हतं. बहीण गौरीपुढं एकटी बसली होती.

"वाचली ती," मी म्हटलं. "आणि तूही वाचलीस. सुटलो बघ."

"दादा, मी मधेच बोलले रे."

"मग काय झालं? जीव वाचला ना तुझा?"

"माझा नाही रे विचारत," ती म्हणाली. "त्यांचा."

मी असल्या गोष्टी मानत नाही, असं तिला सांगितलं. ती मान हलवत राहिली.

मेहुणे धडधाकट आहेत. कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात नोकरी, उसाचं गळीत चालू असलं की पाळ्या लांबतात. यायला तासभर उशीर झाला की बहीण शेजारी कुणाला काही बोलत नाही, सासूलाही नाही. माझ्याकडं निरोप येतो, "दादा, बघून ये." इतकी वर्षं झाली, निरोप यायचे थांबले नाहीत. मी सायकल काढतो. कारखान्याच्या फाटकापाशी उभा राहतो आणि सुटलेल्या पाळीतलं एकेक तोंड बघत राहतो. असल्या गोष्टी न मानणारा मी, ते दिसेपर्यंत माझ्या तोंडाला कोरड पडलेली असते.