मोहाखाली आलेला भाताचा वास

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. चंद्रपूरला कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. आमच्या बौद्ध घरात कुणी उतारा-बिताराचं बोललं की वडील खो खो हसायचे, आणि मीही त्यांचीच मुलगी. तरी हे लिहितेय... कारण ते माझ्याच बाबतीत घडलं.

कोरोनात माझा वास गेला, तो गेलाच. चहा, फिनाईल, पोराच्या डोक्याचा घामट वास – सगळं कोरं. डॉक्टर म्हणाले, आता फार आशा धरू नका. म्हणूनच की काय, अभ्यासाला मी विषय घेतला तो हाच – माणसांचं आजूबाजूच्या वासांकडे किती लक्ष असतं ते मोजायचं. घरात शिरताच आधी वास जाणवतो का, वासावरून माणूस ओळखता येतो का, असं विचारायचं आणि मार्क द्यायचे. बहिऱ्यानं गाण्याची परीक्षा घ्यावी, तसला प्रकार!

मागच्या मोहाच्या हंगामात त्यासाठी सिंदेवाही तालुक्यातल्या माहेरी गेले. गावातल्या बायकांमध्ये सगळ्यांत जास्त मार्क पडले माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला, संगीताला. ओसरीवर बसून ती शेजारी काय शिजतंय ते सांगते. सकाळी ती मोहफुलं वेचायला निघाली, तशी मीही गेले. झाड जंगलाच्या कडेलाच होतं. ती वाकून फुलं वेचत होती, मी फोटो काढत होते.

आणि मला वास आला.

इतक्या वर्षांनी! शिजत्या चिन्नोर तांदळाचा, गोडसर, गरम... माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. समोरच्या दाट जाळीकडून येत होता. पलीकडे कुणीतरी चूल मांडली असेल असं वाटलं आणि मी वेड्यासारखी हसत तिकडे चालू लागले.

"संगीता, अगं मला वास आला! भात शिजतोय तिकडे!"

ती ताडकन उभी राहिली. "भाताचा? इथी? कुठून येऊन राह्यला?"

मी जाळीकडे बोट दाखवलं. तिनं हुंगून पाहिलं. "मले तं काईच येत नाई..." मग एकदम तिचा आवाज खाली गेला. "ताई, थांबा. वाघ मुतला का असाच वास येते. पाठ फिरवू नोका. मांगं या."

तिनं माझी ओढणी धरली आणि आम्ही तोंड जाळीकडेच ठेवून मागे सरकत राहिलो. ती जोरजोरात ओरडत होती. जाळी हलली... वाघीण बाहेर आली आणि मोहाखाली, संगीताच्या टोपलीपाशी येऊन उभी राहिली. संगीता आत्ता वाकली होती तिथेच! वाघिणीनं आमच्याकडे पाहिलं आणि वळून जाळीत गेली.

नंतर वनरक्षकाला जाळीमागे पिल्लांचे ठसे मिळाले. पण तो एक गोष्ट म्हणाला, ती डोक्यातून जात नाही. त्या वेळी वारा आमच्या पाठीकडून जाळीकडे वाहत होता. तिकडचा वास आमच्याकडे येणार कसा?

मेंदू कधीकधी नसलेला वास उभा करतो, हे मी स्वतः वर्गात शिकवते. पण नेमका तोच वास, त्याच जागी, त्याच क्षणी? डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. माझ्या नाकात काहीही सुधारणा नाही म्हणाले.

खरं म्हणजे ते मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. संगीतानं माझ्यासाठी मुद्दाम चिन्नोर शिजवला. आनंदानं रडत होती बिचारी, ताईंचं नाक आलं म्हणून. भाताच्या गंजावरचं झाकण काढून तिनं तो माझ्यासमोर धरला. मी वाफेत तोंड घातलं, छाती भरून श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"आला?"

मी मान हलवली. नाही.

तिचं रडणं थांबलं. माझ्यापासून जराशी मागे सरकून ती हळूच म्हणाली, "मंग ताई... तिथी कोणाच्या नाकानं वास घेतला तुमी?"