विरोधाला कोणी नाही

नंदा गेल्याचं कळलं तेव्हा मी अमरावतीच्या आमच्या कारखान्यात, नव्या पेरणीयंत्राच्या चाचणीपाशी उभा होतो. अकोल्याहून तिच्या भावाचा फोन आला. "ताई गेली, दिलीपभाऊ. सकाळी छातीत दुखून राहिलं म्हने, अन्..." पुढचं मला ऐकू आलं नाही. यंत्र बंद करा म्हणायचंही सुचलं नाही; ते चालतच राहिलं. त्याला आता दोन महिने होत आले.

पॉलिटेक्निकला आम्ही एका वर्गात होतो. पेरणीयंत्रांचा कारखाना दोघांनी मिळून काढला. कारखाना मी बघायचो, अकोल्याकडचे दुकानदार आणि शेतकरी ती. दर सोमवारी पहिल्या गाडीने यायची आणि चहा यायच्या आधीच भांडायला लागायची. हिला माझं काहीच कसं पटत नाही, याचा मला मनापासून राग यायचा.

धंदा जरा चालायला लागला तसा मी हवेत गेलो. मळणीयंत्रं, फवारणी पंप, सगळंच बनवायचं डोक्यात घेतलं. नंदा फोनवर म्हणाली, "आपल्याले एक चीज धड जमते, दिलीप. तेच काहून बिघडवून राहिला?" तिची आई आजारी असल्याने त्या सोमवारी तिला येता येणार नव्हतं. मी नेमकी त्याच दिवशी बैठक घेतली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मुद्दाम केलं होतं मी हे. आज लिहितानाही लाज वाटते.

त्या वर्षी ऐन पेरणीत आमच्या यंत्रांचे सुटे भाग मिळेनात, कारण सगळे हात मळणीयंत्रात गुंतलेले. जमिनीतली पेरणीजोगी ओल, वाफसा, काही आमच्यासाठी थांबणार नव्हता. संतापलेले शेतकरी अकोल्याच्या दुकानांत येऊन वाट्टेल ते बोलले आणि ते नंदाने एकटीने ऐकून घेतलं. पुढच्या सोमवारी ती आली तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. 'मी सांगितलं नव्हतं का' हे तिने तेव्हाही म्हटलं नाही, नंतरही नाही. एवढंच म्हणाली, "यापुढं कोनी विरोध केल्याबिगर निर्णय नाही. सारे हो म्हटले तं आठ दिवस थांबायचं." बाकी सगळं बंद करून आम्ही पुन्हा पेरणीयंत्रावर आलो. पेरणीआधी प्रत्येक दुकानात सुटे भाग पोचलेच पाहिजेत, हा तिचा हट्ट. कंपनी सावरली ती त्यामुळे. लोक मला विचारतात, तुमची व्यूहरचना काय? व्यूहरचना सोमवारी अकोल्याहून यायची.

आता एका मोठ्या कंपनीने विचारलंय, तुमची सगळी यंत्रं आमच्या नावाने बनवून द्याल का? कारखान्याला बारमाही काम मिळेल, पण आमचं नाव पुसलं जाईल आणि शेतकरीही आमचा राहणार नाही. मला हो म्हणावंसं वाटतं. थकलोय मी. बैठकीत तसं सांगितलं, तर आमचे जुने फोरमन राऊतभाऊ म्हणाले, "तुमी म्हनता तं बरोबरच असन, साहेब." बाकीच्यांनीही तेच म्हटलं. आठ दिवस थांबलो, पुन्हा विचारलं... पुन्हा तेच.

परवा जेवणाच्या सुट्टीत मी टेबलाच्या पलीकडे, तिच्या जागी जाऊन बसलो आणि स्वतःलाच विरोध करायला लागलो. तीन मुद्दे निघाले. तिन्हींना माझ्याकडे उत्तर होतं. चौथा मुद्दा नंदाला सुचला असता... मला काही तो सापडला नाही. सोमवारी त्या कंपनीला उत्तर कळवायचंय, आणि मला 'नाही' म्हणणारं आता कोणीच नाही.