न ठरणारी नजर

"पायाकडं कायले पाह्यतं? डोयात पाह्य!" चुन्याच्या रेषेवर उभे राहून आमचे खेळाचे सर दोन बोटं आधी स्वतःच्या डोळ्यांकडे नेत, मग समोरच्या पोरीवर रोखत. दिग्रसच्या आमच्या शाळेत कबड्डी अशीच शिकवली जायची.

त्यांचं म्हणणं, चढाई करणारी कुठे झेप घेणार हे पायांच्या आधी डोळे सांगून टाकतात. तुम्ही म्हणाल, काहीतरीच. मीही विज्ञानाची बाई, सहज कशावर विश्वास ठेवत नाही. पण सर कडेला बसून "आता डावीकडं... आता बोनस..." असं पुटपुटायचे आणि बहुतेक वेळा तसंच व्हायचं. नाही झालं तर म्हणायचे, "पोरगी चुकली."

त्यांची नऊ वर्षांची मुलगी संध्याकाळी मोठ्या मुलींत खेळायची. गेल्या हिवाळ्यात तिचे डोळे भिरभिरायला लागले. समोर बघता बघता दोन्ही बुबुळं मध्येच इकडेतिकडे उडायची. तिला पकडणं कुणालाच जमेना. सर हरखून गेले. "पाहा मॅडम, हे काही म्या शिकवलं नाही. हिचे डोये कोणाले वाचताच येत नाहीत!"

त्यांनी सगळ्यांना सांगितलं, हिच्यासारखं करा. आठवडाभर अख्खा संघ डोळे गरगर फिरवत चढाई करत होता आणि आम्ही शिक्षक हसून बेजार. मीसुद्धा हसले. वर्षानुवर्षं फळ्यावर डोळ्याची आकृती काढणारी मी! त्याची लाज अजून जात नाही.

मग ती सपाट मैदानावर पडायला लागली. हातातलं पाणी सांडायला लागलं. यवतमाळच्या डॉक्टरांनी तिला नागपूरला पाठवलं. परत आल्यावर सर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"पोरगी हलवत नव्हती डोये, मॅडम. आपोआप हलून राह्यले होते. मेंदूचा आजार हाय." मग म्हणाले, "अन् मी टाळ्या वाजवल्या. तवाच नेली असती तं?"

हे त्यांनी डॉक्टरांना विचारलं नव्हतं. विचारायची हिंमत झाली नसावी. मला काहीच ठाऊक नव्हतं, आणि सर थेट माझ्या डोळ्यांत बघत होते. मी वह्या तपासायला घेतल्या.

औषधं सुरू झाली. नजर ठरेल की नाही, ते कुणी सांगेना. शेवटी सर लांबची रजा टाकून बिऱ्हाडासकट नागपूरला गेले. मैदानावर आता दुसरे सर आहेत, चांगले आहेत.

ते निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले होते. सामान बांधून झालं होतं. मुलगी पलंगावर उशीला टेकून बसली होती, सर समोर भिंतीशी उभे.

"बाबा, एका जागी उभे राहा न," ती कुरकुरली. "कायले हलून राह्यले?"

सर हलत नव्हते.

"नाही हलत, बेटा," ते म्हणाले. पाठ भिंतीला घट्ट टेकवली आणि श्वासही रोखून धरला.