आप्पांचा व्हॉल्व्ह उडवणारा दत्ता

आज सकाळी दत्ता गेला. न सांगता, न विचारता.

एरवी हा माणूस चहाला निघाला तरी अर्धा तास निरोप घ्यायचा.

हार्ट अटॅक. वय सांगत नाही, सांगून उपयोग काय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दौंडला आम्हा दोघांचं छोटं ऑफिस. मी शिरूरहून यायचे. पाइपलाइन टाकायच्या आधी कॉम्प्युटरवर तिचं मॉडेल करायचं, त्यात पाणी सोडून बघायचं, मग पंप ठरवायचा. हा आमचा धंदा.

आणि भांडण कायम एकच. मॉडेलमध्ये काय काय घालायचं?

दत्ताला सगळंच घालायचं असायचं. उन्हानं पाइप किती तापतो, हेसुद्धा.

मग भांडगावच्या पलीकडच्या एका गावाची उपसा योजना आली. नदीचं पाणी उचलायचं आणि अगदी शेवटी पारूकाकूंच्या वावरात पोहोचवायचं. काकू एकट्या, विहीर आटलेली. बाकीच्यांना पाणी मिळणारच होतं. प्रश्न फक्त त्यांचा होता.

देवळात मीटिंग. प्रोजेक्टर लावला. योजनेचे चेअरमन आप्पा उठून स्क्रीनजवळ गेले.

"माझ्या वावरात पाणी सोडायचा व्हॉल्व्ह कुठं हाय?"

"आप्पा, गणितात धरलाय," मी म्हणाले.

"गणितात नगं. दिसला पायजे."

झालं! आप्पांचा दाखवला म्हणून उपसरपंचांचा. उपसरपंचांचा दाखवला म्हणून त्यांच्या चुलतभावाचा, कारण दोघांचं बोलणं बंद. एकानं तर वारलेल्या वडिलांच्या नावानं घालायला लावला. लग्नपत्रिकेत नाव राहून गेलं तरी एकवेळ चालेल, पण मॉडेलमधून व्हॉल्व्ह सुटता कामा नये.

मॉडेल असं फुगलं, की जेवायच्या आधी सुरू केलं तर जेवण, पान, गप्पा उरकल्या तरी आपलं फिरतंय.

आप्पा खूश. "दमदार झालंय."

"दमदार न्हाई आप्पा, अवघड झालंय," दत्ता म्हणाला. "अवघड म्हंजी बरोबर आसतं असं न्हाई."

हे दत्ता म्हणाला! मी तोंडावर पदर घेऊन हसले.

पुढच्या मीटिंगला तो उत्तरं काढूनच आला. मॉडेलमधली एकेक गोष्ट काढायची आणि काकूंच्या पाण्यात फरक पडतो का बघायचं. नाही पडला, तर ती बाहेर.

पहिला उडाला आप्पांचा व्हॉल्व्ह.

"आप्पा, तुम्ही आसला काय, नसला काय, काकूंच्या पाण्याला काय फरक पडत न्हाई."

चपला कुठे काढल्यात, ते मी आठवून ठेवलं.

मग त्यानं स्वतःचं ऊन काढलं. फरक शून्य. "ह्याच्यात मी महिना घातला, आप्पा. उडालं."

आप्पा असे हसले की ठसका लागला.

उरलं काय? पंप, पाइपची लांबी, चढ आणि काकूंच्या बांधाजवळचा एक उंचवटा.

"एवढंसं टेकाड, तेबी काढा की," कुणीतरी म्हणालं.

दत्तानं काढून दाखवलं. स्क्रीनवर पाणी काकूंपर्यंत पोहोचलं. परत घातलं, थांबलं. उंचवट्यावर पाइपात हवा अडकत होती.

"हे ऱ्हाणार. कितीबी भांडा."

तिथे हवा सोडायचा व्हॉल्व्ह बसवायचं ठरलं. शेवटच्या मॉडेलमध्ये तेवढा एकच व्हॉल्व्ह होता, आणि तो कुणाच्याच नावाचा नव्हता.

पाणी सोडलं त्या दिवशी दत्ता सकाळपासून काही खाईना. काकूंच्या वावरात पाइपच्या तोंडाशी उकिडवा बसून राहिला. आधी नुसती फुसफुस. मग पाणी.

हा वेडा तिथेच रडायला लागला, आणि काकूच त्याची समजूत काढत बसल्या.

मला तो फार आवडायचा. असं जीव लावून भांडणारं माणूस मला परत मिळायचं नाही.

दुपारी भीमेकाठी सगळं उरकलं. आप्पा आले होते, अख्खी कमिटी आली होती. काकू मागे उभ्या होत्या, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले.

"काकू, हे काय?"

"आज माझी पाण्याची पाळी हुती. निरोप आला, तशीच मोडून आले."

शेवटच्या वावराची पाळी मोडली की पुढची कधी, ते कुणी सांगू शकत नाही.

सुखानं जा रे, दत्ता.