रिकाम्या गाडीचं वजन

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. अमावस्येला मी माल भरते, तिन्हीसांजेला केस विंचरते, आणि गाडीला कुणी लिंबू-मिरची बांधली तर ती सोडून आमटीत घालते. या ग्रुपवरचे अनुभव मी दुपारी जेवल्यावर करमणूक म्हणून वाचायचे. तेव्हा "ताई, तुम्ही पण?" असल्या कमेंट कृपया नकोत... मी आधीच वैतागलेली आहे.

आमची ऊसरोपांची नर्सरी आहे, कागलपासून थोडी आत. रोपांचे ट्रे शेतकऱ्यांना पोचवायला एक जुनी पिकअप आहे. ती घेतली माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, आणि वर्षानुवर्षं चालवलीही त्यांनीच. पुढं त्यांना काचबिंदू झाला. आमचे हे एमआयडीसीत शिफ्टला, त्यामुळे स्टीअरिंग माझ्या हातात आलं. आबांनी मला नको म्हटलं नाही, पण चांगली चालवतेस असंही कधी तोंडातून काढलं नाही. आणि शेजारी तर बसायचेच नाहीत. "मालकानं क्लीनरच्या जागी बसायचं व्हय?" म्हणायचे आणि मागं हौद्यात चढायचे. डाव्या कोपऱ्यात पोतं टाकून, केबिनला पाठ लावून बसायचे आणि तिथून पत्र्यावर थापा मारून मला गाडी शिकवायचे.

एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण माझा गिअर उशिरा पडला की आबा असा ताशा बडवायचे की रस्त्यावरची माणसं वळून बघायची. नेसरीकडं माल घेऊन जाताना एक चढ लागतो, तिथं तर दरवेळी. माझं डोकं असं तापायचं म्हणून सांगू! एकदा मी गाडी मध्येच उभी करून म्हटलं, "मग तुम्हीच या पुढं." तर म्हणाले, "डोळं असतं तर आलो असतो की." मी पुन्हा पहिला गिअर टाकला.

गेल्या वर्षी आबा गेले. घरी, अंथरुणात, झोपेत. गाडीचा आणि त्यांच्या जाण्याचा काहीएक संबंध नाही, हे लक्षात घ्या.

यंदा लागणीचा हंगाम तोंडावर आला आणि गाडीचं मागचं अंग उड्या मारायला लागलं. खड्डा एक, पण उड्या पुढच्या वळणापर्यंत. ट्रेमधली रोपं मुळांसकट बाहेर. वर गाडी मागून डावीकडं कललेली. आरटीओच्या पासिंगची तारीखही जवळ आलेली. ह्यांनी जेवताना जाहीर केलं, ही भंगारात घालू, नवी घेऊ, आणि ती संदीप चालवेल. संदीप म्हणजे ह्यांचा चुलतभाऊ, जो रिव्हर्स घेताना डोळे मिटतो. मला म्हणाले, तू नर्सरी बघ, उन्हातान्हात कशाला फिरतीस. बोलण्यात काळजी होती, नाही असं नाही. पण मला स्वच्छ दिसलं, की ही गाडी पासिंगला नापास झाली म्हणजे माझं स्टीअरिंग गेलं. ते मला नको होतं. त्या सीटवर बसले की मी कुणाची सून नसते, कुणाची बायको नसते. गाडी चालवत असते, बास.

म्हणून गाडी घेऊन उद्यमनगरात बशीरचाचांकडं गेले. ते मिस्त्री, आबांचे जुने दोस्त, आणि बोलण्यात आबांपेक्षा वरचढ. त्यांनी मागचा कोपरा दाबून सोडला. गाडी पाळण्यासारखी हलत राहिली. शॉकअप दोन्ही गेले होते, तेल गळून कोरडे पडले होते. मी म्हटलं, डावा बदला, तीच बाजू बसलीय. तर माझ्यावरच डाफरले. शॉकअप जोडीनं बदलायचे असतात म्हणे, एक नवा आणि एक जुना म्हणजे एका पायात बूट आणि एका पायात चप्पल. आणि दुसरं म्हणजे, शॉकअप वजन धरत नाही, वजन पाटा धरतो, चाकावरच्या पोलादी पट्ट्यांचा तो थर. शॉकअप गेला तर गाडी उडेल, कलणार नाही. मी म्हटलं, बरं, जोडी बदला, पण गाडी सरळ करून द्या.

नट गंजून धरलेले. तेल सोडलं, ठोकलं, शेवटी एक कापावा लागला. नवी जोडी बसली. चाचांनी कोपरा दाबला, गाडी एकदाच खाली गेली आणि गप वर आली. उड्या गेल्या. पण कल... होता तसाच!

मग त्यांनी पाटे उतरवले. त्यातलं एकही पान, म्हणजे पट्टी, मोडलेलं नाही. तरी डावा पाटा उजवीकडं आणि उजवा डावीकडं घातला. म्हणजे दोष पाट्यात असेल तर कल बाजू बदलणार. गाडी पुन्हा डावीकडंच बसली. टायर बघितले, हवा बघितली, चासीला धरलेला चिखल खरवडला. मी स्टुलावर बसून चहावर चहा पीत होते आणि माझा संताप वाढत होता. शेवटी चाचा फडक्याला हात पुसत हौद्याकडं बघत राहिले.

"सूनबाई, डाव्या कोपऱ्यात कोण बसायचं गं?" त्यांनी हळूच विचारलं.

मी अशी उसळले! म्हटलं, चाचा, काम येत नसेल तर सांगा, उगीच मेलेल्या माणसाच्या अंगावर घालू नका. ते म्हणाले, एकदा वजन करून बघ, गाडीत कुठं काय अडकलं असेल तर कळेल.

परत येताना हायवेजवळच्या वजनकाट्यावर गाडी चढवली. मी तिथंच शेणखताचं वजन करते, त्यामुळे माझ्या रिकाम्या गाडीचं वजन तिथल्या काटेवाल्याच्या कॉम्प्युटरला पाठ आहे. मी खाली उतरले, बाजूला उभी राहिले. आकडा जास्त आला. एका माणसाएवढा जास्त. बारीक, म्हाताऱ्या माणसाएवढा.

आता आमच्या जिल्ह्यात एक गोष्ट लहान पोरालाही ठाऊक असते — काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. आमच्या कितीतरी पिढ्या 'काटा मारला, काटा मारला' म्हणत कारखान्याला ऊस घालत आल्यात. त्यामुळे मी सवयीनं भांडायला लागले. तो बिचारा खिडकीतून वाकून म्हणाला, "ताई, भरल्या गाडीचं वजन मारलं तर समजू शकतो. रिकाम्या गाडीत वाढवून मला काय मिळणार हाय?"

बरोबरच होतं त्याचं, आणि त्यामुळंच मी जास्त भडकले. भर दुपार, मागं ट्रॅक्टरची रांग, नवे शॉकअप घालून, पाटे उलटसुलट करून गाडी तशीच कललेली. पासिंग उद्यावर. पासिंग गेलं की संदीप. त्या क्षणी माझं काय झालं कुणास ठाऊक. मी हौद्याच्या फाळक्यावर हात आपटला आणि सगळ्यांदेखत ओरडले,

"आबा, उतरा आधी! सारखं मागं बसून माझ्या चुका काढायच्या... उद्या पासिंग हाय, न्हाई झालं तर ही गाडी भंगारात जाईल आणि मी घरात बसंन. यायचंच असंल तर पुढं येऊन बसा, न्हाईतर येऊ नका!"

ट्रॅक्टरवाले बघतच राहिले. आणि गाडीची डावी बाजू हळूहळू वर आली. धक्का नाही, आवाज नाही. कुणीतरी गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश उठावं तशी. गाडी सरळ झाली. मी बघितलं, ट्रॅक्टरवाल्यांनी बघितलं.

काटेवाला खिडकीतून आकडा बघत होता. "गाडी सरळ झाली ताई," तो म्हणाला, "पण वजन हाय तेवढंच हाय."

मी डावा दरवाजा उघडला. क्लीनरच्या सीटचा फोम मधोमध दबलेला होता. हात लावायचं धाडस झालं नाही. दरवाजा हळूच लावला. आबांना दरवाजा आपटलेला चालायचा नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी पास झाली. ह्यांना मी अक्षरही सांगितलं नव्हतं. ते पासिंगच्या मैदानावर परस्पर आले होते. घरी निघताना त्यांनी डावा दरवाजा उघडला, सीटकडं बघितलं, दरवाजा लावला आणि इस्त्रीच्या कपड्यांनिशी मागं हौद्यात चढले. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, मागं वारं चांगलं लागतं. नव्या गाडीचा आणि संदीपचा विषय त्या दिवसापासून घरात निघालेला नाही.

आता तुम्ही सांगाल की पाटा नंतर सेट झाला असेल, फोम जुना असेल, काटा बिघडला असेल. हे सगळं मी स्वतःला सांगून झालंय. बशीरचाचांना विचारलं तर त्यांनी कानाच्या पाळ्या धरल्या आणि चहा मागवला. मला स्पष्टीकरण सापडलेलं नाही आणि मी अजूनही विश्वास ठेवत नाही. फक्त त्या सीटवर पिशवी ठेवत नाही, एवढंच.

पण एक गोष्ट मला छळते. पासिंगनंतर पहिल्यांदा नेसरीला माल घेऊन गेले, तेव्हा त्या चढावर मी मुद्दाम गिअर उशिरा टाकला. म्हटलं, बघू तरी. इंजिन कुंथलं, गाडी थरथरली, ट्रे खडखडले. थाप नाही. पुढच्या वळणावर आणखी उशीर केला, इतका की गाडी बंदच पडायची. शेजारून हूं की चूं नाही. मला राग आला. म्हटलं, "आबा, गिअर चुकला की माझा. बोला की कायतरी."

काही नाही. ड्रायव्हरवर भरवसा असलेला माणूस खिडकीबाहेर बघत बसतो, तसं सगळं गप्प. चढ संपेपर्यंत मला समोरचा रस्ता धड दिसत नव्हता... आणि तरी एक थाप आली नाही.