दुसऱ्याच्या वतीने 'मी'

रेहानाच्या भावाने, सलीमभाईंनी, मला आयुष्यात कधी फोन केला नव्हता. त्यामुळे मार्केट यार्डातल्या फुलबाजारात मोबाइलवर त्यांचं नाव दिसलं, तेव्हाच काहीतरी वाईट घडलंय हे कळलं. "सुलभाताई, रेहाना गेली. सकाळी चहा घेत होती…" एवढंच म्हणाले. हमाल पाट्या घेऊन अंगावरून जात होते, कुणीतरी बाजूला व्हायला सांगत होतं, आणि मी शेवंतीच्या ढिगाशेजारी तशीच उभी राहिले. पाच आठवडे झाले त्याला. अजूनही सकाळी जाग येताना क्षणभर वाटतं, रेहाना परदेशी गेली आहे, येईल परत.

रेहाना अत्तारने आणि मी एकाच कॉलेजात पंचवीस वर्षं शिकवलं. मी जर्मन, ती फ्रेंच. अरबी तिला वडिलांनी शिकवलेली, कसब्यातल्या अत्तराच्या दुकानात, गिऱ्हाईक नसेल तेव्हा. पुढे तिने त्या भाषेत रीतसर पदवी घेतली. या दोन भाषा एका माणसाकडे असल्या की काय होऊ शकतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. मग एका परिषदेत स्वित्झर्लंडच्या कुणा अधिकाऱ्याने तिला दुभाष्याचं काम करताना ऐकलं. काही महिन्यांनी पत्र आलं. आफ्रिकेतल्या एका देशात सरकार आणि बंडखोर यांच्यात वर्षानुवर्षं लढाई चालली होती. दोघांना बोलायला बसवायचं होतं. एक बाजू फ्रेंच बोलणार, दुसरी अरबी.

"घड्याळं आणि चॉकलेटं विकून भागत नाही का त्यांचं?" मी विचारलं होतं. ती हसली. म्हणाली, आपल्या जिल्ह्यातली माणसं मोजली तर त्यांचा अख्खा देश होईल. मोठा देश मध्ये पडला की दोन्ही बाजूंना वाटतं, याला आपल्याकडून काहीतरी हवंय. या एवढ्याशा देशाची कुणाला भीती वाटत नाही, म्हणून त्यांच्या टेबलाशी माणसं येऊन बसतात.

ती गेली, एकदा नाही, चार वर्षांत कितीतरी वेळा. त्या देशाचं नाव तिने मला कधीच सांगितलं नाही. कामाची अटच तशी होती, आणि रेहाना अटी पाळणारी. घरी भावालाही तिने काही सांगितलं नाही. सलीमभाईंना ते लागलं. बहीण एकटी परदेशी जाते, कुठे ते सांगत नाही, कशासाठी ते सांगत नाही… त्यांनी विचारणं सोडलं आणि मग हळूहळू बोलणंही. एकाच इमारतीत, वरखाली राहून.

त्या वाटाघाटींतली एकच दुपार तिने मला सांगितली, तीही खूप वर्षांनी, नावं गाळून. तळ्याकाठचं एक जुनं हॉटेल होतं. धुकं इतकं, की खिडकीबाहेर पाणी आहे की आभाळ ते कळू नये. बोटी धुक्यातून निघायच्या आणि धुक्यातच जायच्या. आत लांब टेबल, एका बाजूला सरकारचा मंत्री, दुसऱ्या बाजूला बंडखोरांचा म्हातारा म्होरक्या, आणि मध्ये रेहाना. दुभाष्याने नेहमी 'मी' म्हणायचं असतं, 'ते म्हणतात' असं नाही. त्या दिवशी सकाळी मंत्र्याच्या वतीने ती अरबीत म्हणाली होती, हल्ल्याचा हुकूम मी दिला आणि गरज पडली तर पुन्हा देईन. दुपारी म्हातारा बोलायला लागला. अगदी हळू, कुणाकडेही न बघता. रेहानाने वहीत खुणा केल्या, मान वर केली आणि फ्रेंचमध्ये सुरुवात केली, "माझा मुलगा विहिरीवर पाणी आणायला गेला होता…"

पुढचा शब्द तिला आलाच नाही. सकाळचा तो हुकूम तिच्याच तोंडून निघाला होता आणि आता मुलगाही तिचाच गेला होता. वही समोर होती, खुणा स्पष्ट होत्या, आवाज मात्र कुठेतरी धुक्यात गेला. खोलीत कुणी हललं नाही. मध्यस्थी करणाऱ्या स्विस बाईंनीही घाई केली नाही. किती वेळ गेला कोण जाणे… आणि मग टेबलाच्या पलीकडून, अरबीत, कुणीतरी म्हणालं, "पाणी घे, बहिणी. आम्ही थांबतो."

तो मंत्री होता.

म्हाताऱ्याने पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. "तुला आमची भाषा येते?"

"माझ्या आईची आहे," मंत्री म्हणाला.

इतके महिने त्याने ते कुणाला कळू दिलं नव्हतं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत ते दोघे थेट बोलत राहिले, भांडलेही, आणि रेहाना ग्लास हातात धरून नुसती बसून होती. रात्री तिने राजीनामा लिहिला. दुभाषी अडखळली म्हणजे संपली, असं तिचं म्हणणं. स्विस बाईंनी तो कागद वाचला आणि घडी घालून परत दिला. उद्या नऊ वाजता या, म्हणाल्या.

करार झाला. वर्षभराने मोडलाही. ती बातमी तिने इथे पुण्यात वाचली, आतल्या पानावरच्या तीन ओळी, आणि उठून तासाला गेली. पुढे कधीतरी मी विचारलं, मग या सगळ्याचा उपयोग काय झाला? "एक पेरणी झाली त्यांची," ती म्हणाली, "आणि कापणीही झाली. तेवढे दिवस विहिरीवर जाता आलं पोरांना."

मागच्या रविवारी तिची पुस्तकं आवरायला कसब्यात गेले. तिच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत, दोन्ही खिडकीकडे तोंड करून शेजारी शेजारी ठेवलेल्या. समोरासमोर बसलं की माणूस बचाव करतो, शेजारी बसला की बोलतो, असं ती म्हणायची. मी एका खुर्चीत शब्दकोश मांडीवर घेऊन बसले. थोड्या वेळाने सलीमभाई वर आले, दारात घुटमळले आणि दुसऱ्या खुर्चीत बसले. आम्ही दोघंही खाली गल्लीत बघत राहिलो. समोरचा तांबट भांड्याला ठोके देत होता.

"ती तिकडे नेमकं काय करायची हो?" त्यांनी विचारलं.

तळं, धुकं, टेबल, सगळं मी सांगितलं, नावं मलाही माहीत नव्हतीच. पाण्याच्या ग्लासाशी आले तेव्हा त्यांनी चष्मा काढला. तांबटाचे ठोके थांबले, उन्हं समोरच्या भिंतीवर चढली. खालून त्यांच्या सुनेने जेवायला हाक मारली. मी उठायला लागले.

"बसा," सलीमभाई खिडकीतूनच बघत म्हणाले. "सांगा अजून. मला वेळ आहे."